नाप गलत आहे, बाई

सत्तरच्या सुमारास नागपुरात जेवढी माणसं खोट्या दातांनी जेवत होती, त्यांतली निम्मी आमच्या मिस्त्रींच्या बोटांच्या भरवशावर जेवत होती. आणि उरलेली निम्मी जेवत नव्हतीच, नुसती गिळत होती, असं खुद्द मिस्त्रींचं मत होतं. हे मत ते कुणापासून लपवून ठेवत नसत. एकदा आमच्या दंतविभागासाठी साचे उकळायला पातेलं घ्यायचं होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर इतवारीत गेले होते. भांड्यांच्या दुकानात पाऊल टाकलं, तसा गादीवरचा दुकानदार "या, या" म्हणाला आणि त्या दोन शब्दांत त्याची कवळी दोनदा वाजली. मिस्त्रींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "शेठ," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या आधी तुमचे दातच बोलून राहिले. कोणी बनवले?" मग पुढचा अर्धा तास पातेल्याचा विषय निघालाच नाही. शेठ आ वासून बसले होते, मिस्त्री त्यांच्या तोंडात डोकावत होते, आणि दोन हमाल पाठीवरची पोती तशीच ठेवून हा प्रकार बघत रस्ता अडवून उभे होते. पातेलं घ्यायचं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी शेठ मात्र आमच्या दवाखान्यात रांगेत हजर होते.

मी तेव्हा नुकतीच सरकारी इस्पितळाच्या दंतविभागात डॉक्टर म्हणून लागले होते. वय सव्वीस, आणि विभागातली एकटी बाई. मिस्त्री पंचेचाळिशीचे असतील. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'डेंटल मेकॅनिक' असा होता. आम्ही डॉक्टरांनी रोग्याच्या तोंडाचं माप घ्यायचं आणि त्यांनी त्या मापावरून कवळी घडवायची, अशी कामाची वाटणी. त्यांना चांगलं नाव होतं, आडनाव होतं. पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांना ते आवडतं का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. जिन्याखालच्या खोलीत, जिथे पूर्वी वॉर्डाच्या चादरी ठेवत, तिथे त्यांचा कारखाना होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, आणि त्याहून पांढऱ्या, प्लास्टरच्या धुळीनं भरलेल्या भुवया. बाप कापडगिरणीत होता. छप्पन्न साली बापाच्या मागे चालत जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, आणि घरी परतल्यावर बापानं तिशी गाठलेल्या, शाळा सोडलेल्या या मुलाला पुन्हा मॅट्रिकला बसवलं. "बाप म्हणे, पास होईपर्यंत मान वर करू नको," ते सांगत, "आणि पास झाल्यावर खाली घालू नको." तेव्हापासून त्यांची मान फक्त कामावर वाकत असे.

त्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप आमच्या केसपेपरावर होता. त्यावर नाव, वय, पत्ता, आजार असं सगळं असे, पण माणूस तोंडानं काय करतो हे नसे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे एक माप घेऊन गेले तेव्हा त्यांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "बाई, हा तोंडानं काय करते?"

"म्हणजे? जेवतो."

"जेवते तर सारेच. जेवण सोडून काय करते?"

ते उठले, बाहेर बाकावर बसलेल्या त्या माणसाला शोधून काढलं, आणि परत येऊन केसपेपराच्या मागे लाल पेन्सिलीनं लिहिलं: 'शिंपी. दोरा दातानं तोडते.' मग मला या लाल नोंदी वाचायचा नादच लागला. 'कंडक्टर, शिट्टी.' 'तंबाखू, डावा गाल.' 'वकील. लय बोलते.' एका म्हाताऱ्या बाईंच्या कागदामागे लिहिलं होतं, 'नातवाचे मुके घेते', आणि त्या बाईंच्या कवळीचे पुढचे दात त्यांनी खरोखरच केसभर आत घेतले होते, पोराच्या गालाला लागू नयेत म्हणून. एकदा एका शाळामास्तरांच्या नव्या दातांतून 'स' म्हणताना शिट्टी निघू लागली. मिस्त्रींनी त्यांना व्हरांड्यात उभं करून सहाचा पाढा म्हणायला लावला. 'सहा सक छत्तीस'ला शिट्टी वाजली की मिस्त्री दात काढून घेत, आत जाऊन घासत, परत बसवत, आणि पाढा पुन्हा एकपासून. चौथ्या खेपेला बाकावरचे सगळे रोगी सुरात पाढा म्हणू लागले होते. 'सत्ते'वरही शिट्टी आली नाही, तेव्हा व्हरांड्यात टाळ्या पडल्या, आणि मास्तरांनी सवयीनं सगळ्यांना "बसा खाली" म्हटलं.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. तोंडं राहत. मी शिकत असताना आम्ही मुलं एकमेकांची मापं घेऊन हात बसवायचो. त्यातला माझ्या वरच्या जबड्याचा साचा कुठून कसा त्यांच्या फळीवर येऊन पडला होता. तो मी आहे हे कळल्यावर ते मनापासून म्हणाले, "तुमची ताळू चांगली आहे, बाई. लेण्यासारखी." माझ्या रूपाची एवढी तारीफ आधी कुणी केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नंतरही कुणी केली नाही. पुढे माझे वडील मला डबा द्यायला म्हणून विभागात आले आणि वाट बघता बघता त्यांनी जांभई दिली. समोरून जाणारे मिस्त्री थांबले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "बाई आत आहेत. बोलावतो." वडील घरी आल्यावर कितीतरी वेळ आईला विचारत होते, की त्याला कळलं कसं?

उन्हाळ्यात त्यांचा जीव मेणात अडकलेला असे. दात आधी मेणात बसवून तोंडात घालून बघायचे आणि मग पक्के करायचे, अशी रीत. आणि नागपूरचा मे महिना मेणाला कसा मानवणार? नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, लागला की ते मेणात बसवलेल्या कवळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवत, आणि दर तासानं जाऊन फडकं भिजवत. कुणी घाई केली की सांगत, "आज नाही जमत. मेणाले ताप आहे." एकदा हे त्यांनी आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे साहेबांना, तोंडावर सांगितलं. साहेबांचेच सासरे दातांची वाट बघत बसले होते. ते तसेच परत गेले आणि पुढच्या शुक्रवारी आले.

आणि 'चालेल' हा शब्द त्यांना अजिबात खपत नसे. आम्ही डॉक्टर मंडळी दिवसाला पन्नास वेळा तो वापरायचो. जरा कड आखूड आली, चालेल. एक दात तिरपा वाटतोय, चालेल. मिस्त्री मान हलवत. "चालाचं काम पायाचं असते, बाई. दाताले बसा लागते." यावर मी हसायची. त्यांच्या विनोदाला हसले म्हणून ते खूश होत, असं मला वाटे. विनोद करायचा त्यांचा हेतू नव्हता, हे बऱ्याच उशिरा कळलं.

एका वर्षी दिवाळीनंतर, बाजारात संत्री यायला लागली होती त्या दिवसांत, एक क्लॅरोनेटवाले आमच्याकडे आले. लग्नाच्या बँडमध्ये पुढे उभे राहून वाजवणारे. इतवारीकडच्या बँडांत त्यांच्या नावावर वरातीची बोलणी होत, असं त्यांच्याबरोबर आलेला त्यांचा भाऊ सांगत होता. वरचे सगळे दात हिरड्यांच्या आजारानं गेले होते. क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकवून फुंकायचं असतं. दातच नाहीत, तर टेकवायचं कशावर? तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा हंगाम सुरू होणार होता. "वाजवता आलं पाह्यजे, बाई, बाकी काही नाही मागत," एवढंच ते म्हणाले. वरच्या कवळीला धरून ठेवणारं तोंडात काही नसतं. ती ताळूला चिकटून बसते, झाकण बसावं तशी. मागच्या कडेनं हवा आत शिरली की सुटली. जेवताना एखाद्या वेळी निभावून जातं. गाल फुगवून फुंकणाऱ्याचं निभावत नाही. म्हणजे हे माप नेमकं हवं होतं.

ते घ्यायच्या दिवशीच वरून तीन मोठे डॉक्टर तपासणीला आले होते. साहेब त्यांना विभाग दाखवत फिरत होते. साहेबांचं एक आवडतं वाक्य होतं की लेडी डॉक्टर एका पेशंटला अख्खा दिवस लावतात, आणि ते वाक्य ते त्या तिघांना माझ्या खुर्चीपासून चार हातांवर ऐकवत होते. मी गरम पाण्यात मऊ केलेली मापाच्या मसाल्याची लादी घाईघाईनं जबड्याच्या आकाराच्या ट्रेमध्ये भरली आणि क्लॅरोनेटवाल्यांच्या तोंडात दाबून धरली. त्यांना उमासा आला. ते हलले. मी हात काढला नाही, तसाच दाबून धरला, आणि लादी घट्ट झाल्यावर ट्रे काढून आत पाठवून दिला. एकूण दहा मिनिटं. साहेबांनी घड्याळाकडे बघून मान डोलावली. मला अगदी भरून आलं होतं.

थोड्या वेळानं जिन्याखालच्या खोलीतून मिस्त्री आले. दोन्ही हातांवर, पाखराचं पिल्लू धरावं तसा, प्लास्टरचा ओला साचा. पाहुणे अजून तिथेच होते.

"नाप गलत आहे, बाई," ते म्हणाले. "परत घ्या लागन."

मी खालच्या आवाजात म्हटलं, "चालेल."

"इथं पाहा. मागच्या कडेले लाट आली. पेशंट हलला. जेवाले चालन, वाजवाले नाही चालत."

ती लाट मला दिसली. स्वच्छ दिसली. ताळूच्या मागच्या कडेला, नखाएवढ्या जागेत, प्लास्टरवर हलकीशी सुरकुती होती. पण तिघं पाहुणे आमच्याकडे बघत होते, साहेबांच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं, आणि माझे कान तापले होते. मी म्हटलं, "मी सांगतेय ना चालेल? डॉक्टर मी आहे. तुम्ही आपली पायरी ओळखून वागत चला, मिस्त्री."

हे शब्द मी आधी ठरवले नव्हते. तोंडाशी आपोआप आले. आपोआप आले म्हणजे कुठून आले, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला आणि दर वेळी आमच्या घरच्या ओट्यापाशी, पाण्याच्या पिंपापाशी जाऊन पोचले. कामाला येणाऱ्या माणसांना आमच्याकडे हेच शब्द ऐकवले जात, आणि मी ते ऐकत मोठी झाले होते. मिस्त्रींनी ते शब्द कुठे कुठे ऐकले असतील, आणि ते पुन्हा ऐकायला लागू नयेत म्हणून त्यांच्या बापानं काय काय केलं असेल, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. त्यांची मान खाली गेली नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाले आणि आत गेले.

माझी भाची आता दंतवैद्य आहे. ती जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभे करते आणि मापासाठी लादी नाही, प्लास्टर नाही. पेनाएवढी एक कांडी तोंडात फिरवते, की समोरच्या पडद्यावर जबडा उमटत जातो. मी परवा तिच्याकडे बघत बसले होते. एका ठिकाणी पडद्यावर लाल ठिपका आला. "काय झालं?" मी विचारलं. "माप नीट आलं नाही म्हणतंय, मावशी," ती म्हणाली आणि कांडी पुन्हा फिरवली. पुन्हा लाल. पुन्हा फिरवली. चार वेळा त्या यंत्रानं तिला परत करायला लावलं आणि चारही वेळा तिनं निमूटपणे केलं. पेशंट बघत होता, हाताखालची मुलगी बघत होती. तिला कसला अपमान वाटला नाही. मला तिथून उठून बाहेर जावंसं वाटलं.

कवळी सांगितल्याप्रमाणे त्याच मापावरून तयार झाली. दिसायला सुरेख. क्लॅरोनेटवाल्यांनी आरशात बघितलं, लाजले, आणि गेले. पंधरा-वीस दिवसांनी माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. वरात आली तेव्हा मी दारात उभी होते. बँडच्या पुढे कुणी तरी नवखा तरुण क्लॅरोनेट वाजवत होता, आणि अगदी शेवटच्या रांगेत, दिवे धरणाऱ्या बायांच्या जरा पुढे, आमचे क्लॅरोनेटवाले तोच जरीचा लाल कोट घालून खुळखुळा हलवत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. पन्नाशीला आलेला माणूस. मला बघून त्यांनी खुळखुळा खाली केला आणि लगबगीनं पुढे आले.

"बाई! जेवण एकदम बराबर होते हो. मटन बी खातो."

"आणि वाजवणं?"

त्यांनी तोंडावर हात धरला. "फुंकलं का निसटते. मले सवयच नाही होऊन राहिली." मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाले, "होईन हळूहळू. तुमाले काहून वाईट वाटून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी मी ठरवून विभागात गेले, की मिस्त्रींना सांगायचं, त्यांना बोलावून घ्या, माप परत घेऊ. जिन्याखालच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेही. ते पाठमोरे होते, कुणाची तरी कवळी घासत होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलत. 'बाई' म्हणत, पण ताळूबिळूचं काही नाही. मी परत फिरले. उद्या सांगू म्हटलं. असे महिनाभर उद्या गेले.

त्या महिन्यात काय घडत होतं ते मला एकदम एका सकाळी कळलं. क्लॅरोनेटवाले संत्र्यांची टोपली घेऊन विभागात आले, टोपली माझ्या टेबलावर ठेवली, पिशवीतून क्लॅरोनेट काढलं आणि काही न बोलता वाजवायला सुरुवात केली. मुलीच्या पाठवणीला वाजवतात ती चाल. दंतविभागाच्या व्हरांड्यात, सकाळी दहा वाजता. हिरड्या सुजलेली माणसं गाल धरून रडू लागली. एक आजी आपल्या सासरी गेलेल्या मुलीची आठवण काढून अशा हमसू लागल्या, की आमच्या नर्सला वाटलं, दाढ फारच ठणकतेय. वाजवणं संपलं तेव्हा साहेब दारात उभे होते.

"वा! आमची कवळी का ही?"

"हो साहेब," क्लॅरोनेटवाले आनंदानं सांगू लागले. "पहिली जमली नाही. मंग मिस्त्रींनी घरी बोलावलं. चार रविवार. स्वतः नाप घेतलं, मेणाचे दात बसवले अन् म्हणे, वाजव गा. मी वाजवलं, निसटलं. त्यांनी घासलं. म्हणे, अखीन वाजव. सारी वस्ती गोळा झाली, साहेब! पोट्टे नाचून राहिले, बाया दारात, अन् हे माझ्या तोंडात बोट घालून पाहून राहिले का हवा कुठून येते. चौथ्या रविवारी सुटलंच नाही." ते मिस्त्रींच्या खोलीकडे वळून हात जोडून उभे राहिले. त्या भल्या माणसाला कल्पनाही नव्हती, की आपण काय करून बसलो.

डॉक्टरांच्या माघारी मेकॅनिकनं रोग्याच्या तोंडात हात घालायचा नाही, असा नियम होता, आणि नियम म्हणून तो काही वाईट नव्हता. साहेबांनी चौकशी लावली. मिस्त्रींनी लिहून दिलं, की पहिलं माप सदोष होतं, ते परत घ्यायची विनंती केली होती, ती मान्य झाली नाही. रोग्याचं पोट त्यावर होतं म्हणून आपण हे केलं, आणि ते नियमाबाहेर आहे हे आपल्याला ठाऊक आहे. सगळं खरं, आणि एक शब्द कमीजास्त नाही. पायरीचा उल्लेख नाही. मग साहेबांनी मला बोलावलं आणि समोर कोरा कागद ठेवला. "तुमच्या मापात काही दोष होता का, मॅडम? एक ओळ लिहा, पुरे." माझी नोकरी कायम व्हायला चार महिने होते. मी लिहिलं, 'माप समाधानकारक होते.' खाली सही केली. अक्षर माझं नेहमी चांगलं येतं. तेव्हाही चांगलं आलं.

मिस्त्रींची बदली झाली. पार जंगलाकडच्या एका जिल्ह्याच्या गावी, जिथल्या इस्पितळात कवळ्या बनतच नव्हत्या. त्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि एक यादी ठेवली. अर्धवट राहिलेल्या सात कवळ्या. कोणाचं मेण ठेवलंय, कोणाची खालची कड घासायची, कोणाला कधी बोलावलंय. "या तिसऱ्या बाई कीर्तन करतात," ते म्हणाले. "नवीन माणसाले सांगजा." मी "हो" म्हटलं. यादीवरची सातही नावं पुन्हा एकदा वाचून काढली. ते थोडा वेळ उभे राहिले, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे; मग गेले.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी दातांच्या एका शिबिरासाठी मला त्या गावी जायचा योग आला. योग कसला, शिबिरांच्या यादीत त्या गावाचं नाव बघून मीच मागून घेतलं होतं. दुपारी खिडकी बंद झाल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. भुवया आता खऱ्याच पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मला चेहऱ्यावरून ओळखलं, हेच मला पहिल्यांदा लागलं. चहा मागवला. नातींचं सांगितलं, एक बारावीला होती. तीन महिन्यांत रिटायर होणार होते. इकडचं तिकडचं सगळं बोलून झालं आणि मी म्हटलं, "मिस्त्री..." आणि थांबले. त्यांना आडनावानं हाक मारली, पुढे 'साहेब' लावून. आयुष्यात पहिल्यांदा. "ते माप चुकलं होतं. मला तेव्हाच दिसलं होतं."

"मले माहीत होतं," ते म्हणाले, "का तुमाले दिसलं."

मग त्यांनी एक कोरा केसपेपर काढून माझ्यासमोर सरकवला. "लिहून देता का, बाई?"

"आता? आता त्याचा काय उपयोग?"

"उपयोग काही नाही," ते शांतपणे म्हणाले. "तुमचा एक कागद आहे तिथं फायलीत. तो गलत आहे. एक बराबर पाह्यजे."

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला. "'थोडे चुकले होते' लिहिलं तुम्ही. 'थोडे' काढा."

मी 'थोडे' खोडलं. सही केली. मग धीर करून म्हटलं, "आणि मी जे बोलले होते, पाहुण्यांसमोर... तेही लिहिते."

त्यांचा हात पटकन कागदावर आला. "नाही, नाही. ते नका लिहू." कागद आपल्याकडे ओढत म्हणाले, "हा कागद घरी नाती वाचतील."

कागदाच्या चार घड्या करून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि वरचं बटण लावलं. मला क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, मागायची माझी छाती झाली नाही. आमची जीप निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत सोडायला आले होते. उन्हात डोळ्यांवर हात धरून उभे होते. रिटायर झाल्यावर नागपुरात या, विभागात या, असं मी ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते आले नाहीत, आणि दोन वर्षांनी ते गेल्याचं कळवणारं त्यांच्या नातीचं एक पोस्टकार्ड आलं, तेव्हा यायचं राहूनच गेलं होतं.

विभागात त्यांच्या जागी दुसरा मेकॅनिक आला होता. हुशार होता, नम्र होता, कामाला वेगवान. मी पुढे विभागप्रमुख होऊन रिटायर झाले. इतक्या वर्षांत त्यानं, किंवा त्याच्यानंतर आलेल्या कुणीही, माझं एकही माप परत पाठवलं नाही. मी पाठवलेलं प्रत्येक माप आत गेलं, त्याची कवळी झाली, माणसं ती घालून घरी गेली. ती सगळीच मापं बरोबर आली असतील, असं मला वाटत नाही.